खोली नसलेला आवाज

१

शहराच्या कारभाराच्या बैठका खाली सभागृहात व्हायच्या आणि त्यांचं रेकॉर्डिंग तिसऱ्या मजल्यावरच्या एका अरुंद खोलीत यायचं. खोलीत दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, एक खिडकी आणि दोन बहिणी. धाकटी कानाला हेडफोन लावून बैठकीतला शब्दन्‌शब्द टाइप करायची. थोरली तो मजकूर तपासून पक्का करायची. पक्की प्रत छापून, बांधून कपाटात जायची आणि पुढे ती कुणी उघडून बघेल अशी आशा खुद्द कपाटालाही नसावी. दोघींना त्याचं वाईट वाटत नसे. कुणीतरी हे करायलाच हवं आणि आपण ते नीट करतो, एवढ्यावर त्या खूश होत्या.

सगळी करामत पायाची होती. टेबलाखाली एक पेडल होतं. दाबलं की रेकॉर्डिंग पुढे जायचं, पाय उचलला की थांबायचं. सात वर्षांत धाकटीचा पाय इतका तयार झाला होता की जेवताना कुणी भरभर बोलायला लागलं तरी टेबलाखाली तो आपसूक वर यायचा.

"बुटके, मी माणूस आहे, मशीन नाही," थोरली म्हणायची. "पाय खाली ठेव आणि माझं ऐक."

खोलीचा नियम एकच होता आणि तो थोरलीनेच पहिल्या दिवशी घालून दिला होता. कानावर पडेल ते लिहायचं, वर शहाणपणा करायचा नाही. शब्द कळला नाही तर 'अस्पष्ट'. बोलणारा ओळखू आला नाही तर 'अनोळखी सदस्य'. तशी अनोळखी कुणी उरलं नव्हतंच. प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारे खोकलेबुवा होते, दर दोन मिनिटांनी "मुद्द्यावर या" म्हणणाऱ्या आणि स्वतः कधीच न येणाऱ्या मुद्देबाई होत्या. त्यांना धाकटीने कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांना सर्दी झालेली तिला त्यांच्या घरच्यांआधी कळली असती.

त्या दिवशी बागेतल्या बाकांच्या रंगाची बैठक होती. सलग तिसरी. हिरवा की तपकिरी, यावर खोकलेबुवा अकरा मिनिटं बोलले आणि श्वास घ्यायला थांबले. त्या फटीत कुणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, "आता ती पाय उचलेल."

धाकटीने पाय उचलला. उचलायचाच होता, बोटं मागे पडली होती. मग तिने नियमाप्रमाणे टाइप केलं : अनोळखी सदस्य – आता ती पाय उचलेल.

वाक्य बाकांशी जुळत नव्हतं. पण त्या बैठकीतलं कोणतं वाक्य बाकांशी जुळत होतं?

२

पुढच्या आठवड्यात तोच आवाज पाणीपुरवठ्याच्या बैठकीत आला. मग रस्त्यावरच्या दिव्यांच्या. धाकटीला आधी नवल वाटलं ते त्याच्या हजेरीचं. एवढ्या समित्यांवर एकच माणूस, आणि सही एकाही हजेरीपटावर नाही.

खरं खटकलं ते दुसरंच. खोकलेबुवा मोठ्या सभागृहात बोलले की शब्दाच्या शेपटीला छताचा घुमारा लागायचा. छोट्या दालनात बोलले की मागे पंख्याची घरघर असायची. प्रत्येक आवाजाला त्याची खोली चिकटलेली असते. त्या खोलीवरूनच धाकटी सांगू शकायची की खिडकी उघडी होती, की पाण्याचा पेला ठेवलाय, की माणूस दाराशी उभा राहून बोलतोय.

या आवाजाला खोली नव्हती. ना घुमारा, ना पंखा, ना खुर्चीची करकर. सगळ्या समित्यांत तो तसाच, तेवढाच जवळ. आणि तो कधीच अस्पष्ट नसायचा.

"ताई, तो नवीन सदस्य कोण आहे गं?" तिने एकदा विचारलं.

"कोणता नवीन?"

"मधे मधे बोलतो तो."

थोरलीचा हात कीबोर्डवर थांबला. ती म्हणाली, "असेल कुणीतरी. तू कशाला डोकं शिणवतेस? चहा घे, गार होतोय."

इथे थोरली चुकली. तेव्हा तिला ते कळलं नाही, आणि कळलं तेव्हा बरेच दिवस गेले होते.

त्या दिवसांत घरीही काहीबाही बदलत होतं. सकाळी आरशासमोर वीस मिनिटं काढणारी धाकटी दोन-दोन दिवस केस न विंचरता यायला लागली. मैत्रिणींचे फोन वाजून वाजून बंद पडायचे. बोलताना ती वाक्याच्या मध्यावर थांबायची आणि पुढचं वाक्य भलत्याच गावाला निघायचं. विनोद केला तर ती तो समजून घेतल्यासारखी मान हलवायची, चेहऱ्यावर मात्र काही उमटायचं नाही. थोरली शेजारणीला म्हणाली, "कामाचा ताण, दुसरं काय." शेजारीण म्हणाली, "लग्नाचं बघा आता." दोघींनीही निदान करून टाकलं आणि आपापल्या घरी गेल्या.

३

कपाटाकडे धाकटी गेली ती एका जुन्या बैठकीची तारीख शोधायला. दुपारची सुट्टी होती, थोरली खाली गेली होती. बाकांच्या बैठकीची बांधलेली प्रत हाताला लागली. सहज चाळली. खोकलेबुवांची अकरा मिनिटं होती, मुद्देबाईही होत्या. त्यांच्या मधलं वाक्य नव्हतं.

तिने पाणीपुरवठा काढला. नव्हतं. दिवे काढले. नव्हतं. सहा महिन्यांच्या चौदा प्रती तिने जमिनीवर पसरल्या आणि गुडघ्यांवर बसून पानं उलटली. अनोळखी सदस्य कुठेही नव्हता. स्वल्पविराम जागच्या जागी होते. फक्त तेवढ्याच ओळी कुणीतरी निगुतीने काढून जोड बुजवला होता.

धाकटी मुळात हिशेबी डोक्याची. तिने स्वतःला समजावलं की छपाईत गळलं असेल. मग चौदाही वेळा तेवढंच कसं गळेल? जुनी फाइल छापली गेली असेल. मग बाकीच्या दुरुस्त्या कशा आल्या? तपासणारी एकच होती. त्या प्रत्येक प्रतीच्या शेवटी तिचीच आद्याक्षरं होती.

"आता कळलं तिला," आवाज म्हणाला.

धाकटीने हेडफोनला हात लावला. हेडफोन टेबलावर होते. ते चालू असतील, आवाज बाहेर येत असेल, असं तिने ठरवलं आणि प्रती भराभर कपाटात कोंबल्या.

त्या दिवसापासून ती थोरलीने केलेला चहा बेसिनमध्ये ओतायला लागली. आईवडील गेल्यावर जिने तिला लहानाची मोठी केली, वेण्या घातल्या, तापात उशाशी बसून राहिली, तीच ताई आता आपल्यापासून काहीतरी लपवतेय, या एका विचाराभोवती तिचं सगळं घर फिरायला लागलं. थोरली खोलीत आली की ती विचार करणं थांबवायचा प्रयत्न करायची. ताईला आपले विचार ऐकू जातात, असं तिला वाटायचं. पलंगाखाली तिने एक बॅग भरून ठेवली. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, पण इथून निघायचं हे पक्कं होत चाललं होतं.

४

निघण्याआधी पुरावा हवा होता. आवाज रेकॉर्डिंगमध्ये आहे, एवढं सिद्ध केलं की मोठ्या साहेबांसमोर प्रती आपटता येणार होत्या.

भर दुपारी, खिडकीतून टेबलावर स्वच्छ ऊन पडलेलं असताना, ती एकटी बसली. ताजी बैठक लावली. पेडल दाबलं. पाच मिनिटांत आवाज आला, "ती आज शोधायला बसलीय."

तिने वेळ टिपून ठेवली. मागे गेली. पुन्हा ऐकलं. त्याच जागी आवाज म्हणाला, "ती मागे गेली."

तिने काम सोडलं नाही. रेकॉर्डिंगचा वेग निम्मा केला. सदस्यांचे आवाज जाड, ओढल्यासारखे झाले. खोकलेबुवांचा खोकला दूरच्या गडगडाटासारखा लांबला. त्या सगळ्या घोगऱ्या चिखलातून तो आवाज नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या नितळपणे म्हणाला, "वेग कमी केला तिने. हुशार आहे."

आता एकच गोष्ट करून बघायची उरली होती आणि ती करायची तिची हिंमत होत नव्हती. सात वर्षं दिवसातून हजारदा केलेली गोष्ट. तिने डोळे मिटले आणि पाय उचलला.

बैठक थांबली. घुमारा थांबला, पंखा थांबला, खुर्च्या थांबल्या. हेडफोनमध्ये मशीनची शांतता पसरली.

"तिने पाय उचलला," आवाज म्हणाला. "तरी मी आहे."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. वायर उपटली. खिडकीत एक कबुतर बसलं होतं, ते तिच्याकडे बघून उडून गेलं. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत, जिथे झाडूही नीट जात नसे, तिथे काहीतरी श्वास घेण्याआधी थांबावं तसं थांबलं होतं.

"इकडे बघतेय," आवाज म्हणाला. आता तो फटीतून येत होता.

तिने बघितलं. एक क्षण, फार तर दोन. काय दिसलं ते तिने नंतर कुणालाच सांगितलं नाही. थोरलीला फक्त एवढं म्हणाली की तिथली सावली उलटी, उन्हाच्या दिशेने पडली होती.

५

थोरली डबा धुऊन आत आली तेव्हा धाकटी खिडकीला पाठ लावून उभी होती, ओठ पांढरे पडलेले.

त्या एका क्षणी धाकटीचं डोकं लख्ख चाललं. आवाज जर मशीनमध्ये नाही, तर ताईने त्यातून चोरलं काय? ताईने नसलेलंच खोडलं असेल, तर ताई निर्दोष होती. पण मग तो होता कुठे? या दोन विचारांच्या मधे जेमतेम उभं राहायला जागा होती आणि तिथे उभं राहून तिने विचारलं, "ताई, हे तुला ऐकू येतंय?"

थोरलीने तिचा चेहरा बघितला. लेकराला आधी शांत करू, बाकीचं मागून बघू, असं तिला वाटलं. ती म्हणाली, "हो गं राणी. येतंय, येतंय."

"काय म्हणतोय?"

थोरली तिला जवळ घ्यायला पुढे झाली.

"सांग ना. काय म्हणतोय तो?"

सांगण्यासारखं थोरलीकडे काही नव्हतं. धाकटी तिला ढकलून बाहेर पळाली, जिन्याखालच्या जुन्या फायलींच्या खोलीत शिरली आणि आतून कडी लावली.

थोरलीने दार ठोठावलं नाही. साहेबांना बोलावलं नाही. ती तिथेच फरशीवर बसली. जिन्यावरून जाणारे लोक वळून बघत होते, तिने बघू दिलं. मग ती दाराच्या फटीशी तोंड नेऊन बोलायला लागली.

"बुटके, मी खोटं बोलले. मला काही ऐकू येत नाही. आज नाही आणि कधीच आलं नाही. त्या ओळी मी खोडल्या. सहा महिने खोडतेय. पहिल्यांदा वाटलं दमली असशील. मग कळलं की हे दमणं नाही. तेव्हा तुला विचारायला हवं होतं. मी घाबरले. वाटलं, कुणाला कळलं तर तुला वेडी म्हणतील, कामावरून काढतील. म्हणून झाकत बसले. तुझ्या तोंडावर काही नाही आणि पाठीमागे खोडखाड. तू माझ्यावर संशय घेतलास त्यात तुझी काय चूक?"

तिने कान दाराला लावला, मग पुन्हा फटीशी तोंड नेलं.

"मला ऐकू येत नाही," थोरली म्हणाली, "पण तुला येतंय. ते तू बनवून सांगत नाहीस, हे मला ठाऊक आहे. नियमच होता ना आपला, कानावर पडेल ते लिहायचं? तू लिहिलंस. मीच वाचलं नाही. तुला भीती वाटतेय का गं?"

मग आतून लहान आवाज आला, "खूप."

"मला पण. चल, एकत्र घाबरू."

कडी निघाली.

६

डॉक्टरीण बाई वयाने थोरलीएवढ्या, टेबलावर पसारा, चष्मा कपाळावर आणि तो शोधत असलेल्या. त्यामुळे धाकटीला थोडं बरं वाटलं. थोरलीला बाहेर बसवून बाईंनी साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली.

झोप कशी आहे? अंघोळ, केस, कपडे, यांचा कंटाळा येतो का? बोलता बोलता धागा सुटतो? पूर्वी ज्यात मजा यायची त्यात आता येत नाही? धाकटी हो-नाही करत होती.

"आवाज तुमच्याशी बोलतो, की तुमच्याबद्दल?"

"माझ्याबद्दल."

"तुम्ही जे करताय तेच सांगतो? आता ती उठली, आता ती बसली, असं?"

"हो," धाकटी म्हणाली. "अगदी असंच."

"तुमच्या मनातलं दुसऱ्यांना ऐकू जातं असं वाटतं? आणि जवळचंच कुणीतरी, ज्याने जीव लावला असं कुणी, तुमच्याविरुद्ध काही करतंय असं?"

धाकटी खुर्चीतून अर्धी उठली. "तुम्हाला हे कुणी सांगितलं? ताईने? तिला तर यातलं निम्मं ठाऊकच नाही!"

"ताईंनी काही सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या आधी या खुर्चीत जे बसले त्यांनी सांगितलं. एक शिक्षक होते. एक बेकरीवाल्या होत्या. त्यांचा आवाज भट्टीतून यायचा, तुमचा हेडफोनमधून. बाकी गोष्ट बरीचशी हीच."

धाकटी हळूहळू खाली बसली. सहा महिने तिला वाटत होतं की जगात हे फक्त आपल्याबरोबर चाललंय, आपल्यासाठीच कुणीतरी मांडलंय. आणि इथे एक बेकरीवाली होती. तिला त्या न पाहिलेल्या बाईला मिठी मारावीशी वाटली. ती रडायला लागली आणि बाईंनी रडू दिलं.

"याला नाव आहे?" तिने शेवटी विचारलं.

"आहे. ही लक्षणं स्किझोफ्रेनियाकडे बोट दाखवतात. लगेच शिक्का मारायचा नाही, आधी रक्त तपासू, दुसरं काही नाही ना ते बघू, मग काही महिने तुम्हाला भेटत राहू. सिनेमात दाखवतात तशी एका अंगात दोन माणसं वगैरे काही नसतं. मेंदू आपलाच विचार बाहेरून आल्यासारखा ऐकवतो. ऐकू येणं खरं असतं, बोलणारा नसतो."

"बोलणारा नसतो," धाकटी म्हणाली. तिला पहिल्यांदा त्या आवाजाची खोली सापडली होती. म्हणूनच तर त्याला घुमारा नव्हता.

बाहेर आल्यावर थोरलीने काही विचारलं नाही. धाकटीनेच तिचा हात धरला. घरी जाऊन तिने पलंगाखालची बॅग काढली, कपडे कपाटात लावले आणि रात्रीपर्यंत तीन कप चहा प्यायली, सगळे ताईच्या हातचे.

७

गोळ्यांनी जादू केली नाही. पहिल्या गोळीने ती दिवसभर पेंगायची, ती बदलावी लागली. दुसरीने भूक इतकी वाढली की थोरलीने डबा मोठा घेतला. काही दिवस चांगले गेले, काही वाईट. वाईट दिवशी थोरली वाद घालायची नाही आणि हो ला हो पण करायची नाही. बाईंनी तिलाही बरंच शिकवलं होतं. तिने साहेबांना जाऊन सरळ सांगितलं की बहिणीला आजार आहे, उपचार चालू आहेत आणि तिची जागा तिचीच राहील. साहेब म्हणाले, "अहो, मग राहू दे ना, एवढं ओरडता कशाला?" थोरलीला आपण ओरडत होतो हे तेव्हा कळलं.

आवाज आधी लांब गेला. मग पुटपुटायला लागला. मग काही आठवडे आलाच नाही.

पाचव्या महिन्यात धाकटी अर्ध्या दिवसासाठी कामावर यायला लागली. केस विंचरलेले, पायात नवे बूट. खोकलेबुवांचा घसा ऐकून तिला माहेरी आल्यासारखं वाटलं. तासभर काम सुरळीत झालं. मग तिचा पाय उचलला गेला आणि ती तशीच बसून राहिली.

थोरलीने समोरून बघितलं.

धाकटीने एक हेडफोन कानावरून बाजूला केला. "ताई, आत्ता कुणी बोललं का गं? तुला ऐकू आलं?"

हो म्हणणं किती सोपं होतं, ते थोरलीला ठाऊक होतं. तिने बहिणीच्या डोळ्यांत बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "मला नाही आलं."

धाकटीने हेडफोन पूर्ण काढून ठेवले. तिच्या स्वतःच्या कानाने एक सांगितलं होतं आणि ताईने दुसरं.

"काय म्हणाला?" थोरलीने विचारलं.

"म्हणाला, तिने चहा सांडला."

थोरलीने धाकटीच्या टेबलावर बघितलं. कप कलंडला होता आणि चहा मुद्देबाईंच्या कागदांकडे निघाला होता.

"मेला खरं बोलतोय की!" थोरली ओरडली. "ऊठ, फडकं आण!"

धाकटी हसली. चांगली मोठ्याने, पोट धरून हसली. खाली सभागृहापर्यंत ऐकू गेलं असेल. थोरली तिच्याकडे बघतच राहिली आणि तेवढ्यात चहा कागदांपर्यंत पोचला.

"तू म्हणालीस ना नाही?" हसू ओसरल्यावर धाकटीने विचारलं. "नक्की ना?"

"नक्की."

"मग नसणार," धाकटी म्हणाली, आणि फडकं आणायला गेली.